एका घरातली तीन वजनं: नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका कुटुंबाचं प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडायच्या थोडं आधी, ४१ वर्षांच्या एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. दुखणंखुपणं काही नव्हतं. डिसेंबरात धाकट्या दिराचं लग्न, तोवर वजन उतरवायचं होतं. सध्या ज्याची सगळीकडे चर्चा आहे ते आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आपल्याला चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सोबत नवरा होता, ४४ वर्षांचा, सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात हिशेबाचं काम करणारा. आणि ७० वर्षांच्या सासूबाई. या दोघांचं माझ्याकडे काही काम नव्हतं. नवरा गाडी घेऊन आला होता आणि सासूबाईंना परतताना सक्करदऱ्याला बहिणीकडे उतरायचं होतं.

असं घर माझ्याकडे नेहमीच येतं. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील इथे एका घरात मिसळले आहेत.

घरातला समज पक्का होता. सुनेचं वजन जास्त, मुलगा 'फिट', आणि आजी तर दिवाळीपासून छान बारीक झालेल्या. नवऱ्यानं बसता बसताच सांगून टाकलं, "मॅडम, मी तर पहिल्यापासून सडपातळच आहो. हिचंच वाढून राह्यलं. जरा समजावून सांगा." बाई काही बोलल्या नाहीत. हे वाक्य त्यांनी घरी बरेचदा ऐकलेलं असावं.

तपासण्या हाती आल्या तेव्हा रांग उलटी लागली होती. घाई होती ती आजींची, त्यांच्यामागे नवरा, आणि जिच्यासाठी सगळे आले ती सून शेवटी.

५९ किलो, पण कशाच्या मानानं?

बाईंनी हिशेब करून आणला होता. उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे १५७ सेंमी. त्यातून शंभर वजा केले की ५७. बायकांनी एकशे पाच वजा करायचे असतात असं कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे ५२. घरच्या काट्यावर वजन ६१.५. म्हणजे साडेचार किलो जास्त, किंवा साडेनऊ. कुणाचं ऐकायचं त्यावर अवलंबून.

शंभर वजा करण्याचा हा नियम पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाच्या नावानं चालतो आणि तो एकोणिसाव्या शतकातला आहे. तोंडी करता येतो, म्हणून अजून टिकून आहे. त्यात गोम अशी की उंच माणसाला तो फार सूट देतो. १८५ सेंमीच्या पुरुषाला त्या हिशेबानं ८५ किलो चालतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा (सूत्र पुढे येतंच), काढला तर तो येतो २४.८, आपल्याकडच्या कोष्टकात लठ्ठपणाच्या अगदी उंबरठ्यावर.

आधी मोजमाप नीट करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, शौचाला जाऊन आल्यावर, चपला काढून, हलक्या कपड्यांत, सिमेंटच्या फरशीवर ठेवलेल्या काट्यावर वजन भरलं ५९ किलो. घरचा काटा स्प्रिंगचा, कुणी उभं नसतानाही दीड किलोवर थांबणारा, आणि त्या वजन करायच्या रात्रीच्या जेवणानंतर. उंचीही भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून मोजली तर १५४ सेंमी निघाली. 'पाच फूट दोन' ही उंची बहुधा लग्नाच्या बायोडाटातली. आपल्याकडे बायोडाटातली उंची कुणी पुन्हा मोजत नाही.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. ५९ भागिले १.५४ गुणिले १.५४, उत्तर २४.९. गंमत म्हणजे त्यांच्या चुकीच्या वजनाला चुकीच्या उंचीच्या वर्गानं भागलं तरी जवळपास तेवढंच उत्तर येतं, कारण इथे दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. दर वेळी असं होत नाही. वजन बरोबर घेऊन फक्त उंची १५७ धरली असती तर २३.९ आला असता. उंचीचा वर्ग होत असल्यानं तीन सेंटिमीटरच्या चुकीनं बीएमआय पूर्ण एकानं हलतो.

२४.९ चा अर्थ काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण कोष्टकात १८.५ ते २४.९ हा निरोगी पट्टा आहे. तिथे बाई शेवटच्या पायरीवर का होईना, आत आहेत. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमतानं जे कोष्टक ठरवलं त्यात १८ ते २२.९ निरोगी, २३ ते २४.९ वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. तिथे त्या बाहेर. त्यांच्या उंचीला भारतीय निरोगी पट्टा साधारण ४३ ते ५४ किलोंचा होतो, आणि लठ्ठपणाची रेषा ५९.३ किलोंवर येते. म्हणजे तपासणीआधी त्या एक मोठा पेला पाणी प्यायल्या असत्या तर अहवालावर 'लठ्ठ' छापून आलं असतं. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर रडणाऱ्या आणि हसणाऱ्या दोघांनाही मी हे पाण्याचं गणित करून दाखवते.

या सूत्राचा मूळ हेतू कुणा एका माणसाची तब्येत ठरवण्याचा नव्हताच. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात ते मांडलं, ते 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधताना. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला बऱ्याच उशिरा, १९७२ मध्ये, अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिलं. हजारो लोकांच्या गर्दीत कुणाला पुढे तपासायचं हे निवडायला सूत्र उत्तम आहे. समोर बसलेल्या एका माणसाच्या शरीरात चरबी किती, स्नायू किती आणि ती चरबी साठली कुठे, यातलं त्याला काहीच कळत नाही.

पँट ३४ ची, कंबर ३७ ची

बाईंचं झाल्यावर मी नवऱ्याला काट्यावर बोलावलं. "माझं काय मोजता मॅडम?" असं म्हणत, पण हसत आले. वजन ६६ किलो, उंची १७१ सेंमी, बीएमआय २२.६. भारतीय असो की जागतिक, सगळ्या कोष्टकांत निरोगी. त्यांनी बायकोकडे पाहिलं ते मी पाहिलं.

मग टेप काढला.

कंबर मोजायची ती पँटच्या पट्ट्यावर नव्हे, आणि साडीच्या परकराच्या नाडीवरही नव्हे. बाजूला हात लावून शेवटची बरगडी शोधायची, खाली कमरेचं हाड शोधायचं, आणि दोन्हींच्या मधोमध टेप जमिनीला समांतर फिरवायचा. कपड्यावरून नको. टेप अंगाला टेकावा, रुतू नये. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पुरुष नेमके याच वेळी पोट आत घेतात. त्यावर माझा इलाज म्हणजे त्याच क्षणी जामठ्याच्या पुढच्या मॅचची तिकिटं मिळाली का, असं विचारायचं. पोट आपोआप जागेवर येतं.

आकडा आला ९४ सेंमी, म्हणजे ३७ इंच. पँट मात्र ३४ ची, आणि ती गेली कित्येक वर्षं ३४ चीच, कारण पट्टा दर वर्षी थोडा खाली सरकत पोटाच्या खाली गेला होता. पँटचा नंबर हा फार गोड बोलणारा साक्षीदार आहे, त्याच्या जबानीवर मी विसंबत नाही.

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही पोटाच्या लठ्ठपणाची रेषा मानतात. आणखी एक सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. घरी करायची तर उंचीएवढी सुतळी कापायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती गुंडाळून पाहायची. टोकं जुळली नाहीत तर पुढचा तपास करायचा. नवऱ्याचं गुणोत्तर ०.५५ निघालं, बाईंचं ७६ सेंमीला ०.४९.

मग बाकीची चौकशी केली. बाविसाव्या वर्षी वजन किती होतं? ५४ किलो. म्हणजे बारा किलो वाढले होते, पण हातापायांच्या काड्या तशाच होत्या; वाढ सगळी मध्यभागी. वडिलांना मधुमेह होता. दिवसभर खुर्ची. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतही गाडी. सकाळी ऑफिसजवळ तर्री-पोहे, दुपारी डबा, चार वाजता शेवचिवडा, रविवारी सावजी. यातलं काही गुन्हा नाही. अर्धं नागपूर असंच जगतं.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं भारतीयांसाठी मधुमेहाच्या जोखमीची एक साधी गुणपद्धत केली आहे. त्यात वजन विचारतच नाहीत! वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह, बस. नवऱ्याला वयाचे २०, कमरेचे १०, बैठं काम आणि व्यायाम शून्य याचे ३०, वडिलांचे १०, मिळून ७० गुण. साठपासून पुढे जोखीम जास्त धरतात. बाईंचे भरले ३०.

रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३६, रक्तदाब १३६/८६. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि हे वरच्या बाजूला होते. कार्यालयातल्या आरोग्य शिबिरात याच माणसाच्या कागदावर बीएमआयसमोर हिरवा शिक्का मारून त्याला घरी पाठवलेलं होतं. नुसत्या काट्यावर चालणाऱ्या शिबिरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पन्नास रुपयांचा टेप त्या टेबलावर ठेवायला काय हरकत आहे?

हा प्रकार आपल्याकडे किती आहे याचा अंदाज आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीतून येतो. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार भारतात बीएमआयनं मोजला तर लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत दिसतो आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत असे अनेक 'सडपातळ' नवरे बसले आहेत.

कारणही महाराष्ट्रातच चांगलं अभ्यासलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआयला हा फरक दिसला नाही. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि बाळांचा अभ्यास केला, त्यातही तेच दिसलं. तिथली बाळं जन्मतः इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलोंची. पण त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान होते, तितकी खांद्याच्या पाठीमागची चरबी कमी नव्हती. वजनानं बारीक आणि आतून चरबीचा वाटा जास्त, अशी आपली घडण आईच्या पोटातूनच सुरू होते. म्हणूनच भारतीय कोष्टकातली रेषा २५ वरून २३ वर आणली. आणि तरीही आमचे हे गृहस्थ तिच्या आत बसतात.

२०२५ च्या जानेवारीत दोन नव्या व्याख्या आल्या, त्यांनाही हे प्रकरण लावून पाहिलं. भारतीय तज्ज्ञांच्या सुधारित व्याख्येत बीएमआय २३ च्या वर असेल तरच लठ्ठपणाचे टप्पे सुरू होतात. पहिल्यात अवयवांवर परिणाम नसतो, दुसऱ्यात असतो. म्हणजे बाई पहिल्या टप्प्यात आणि नवरा कुठेच नाही. त्याच महिन्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय 'लॅन्सेट' आयोगानं आणखी एक वाट ठेवली: बीएमआय काहीही असो, कंबर, कंबर-नितंब प्रमाण आणि कंबर-उंची प्रमाण यांपैकी दोन मापं रेषेबाहेर असली तर चरबी जास्त धरावी. नवऱ्याची दोन बाहेर होती. या एका घरापुरतं विचाराल तर मला आयोगाची व्याख्या जास्त उपयोगी वाटली.

मधल्या काळात शिबिरातल्या मशीननं दिलेला 'बॉडी एज ५१' असाही एक कागद त्यांनी दाखवला. ही यंत्रं पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतात आणि शरीरातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज करतात. नागपूरच्या जूनमध्ये उन्हातून गाडीवर आलेल्या माणसाचं पाणी किती आणि सकाळी उठल्यावर किती, यात फरक पडणारच. तो कागद मी बाजूला ठेवला.

आजींचं 'उतरलेलं' वजन

आजींचं वजन घ्यायचं माझ्या मनात होतं ते त्या खुर्चीतून उठल्या तेव्हापासून. दोन्ही हातांनी टेबल धरून उठल्या होत्या.

४७ किलो, उंची १४९ सेंमी, बीएमआय २१.२. दिवाळीत ५२ होतं, तेव्हा बीएमआय २३.४. कोष्टक म्हणतं, 'जास्त वजना'तून 'निरोगी'त आल्या. नातेवाईकही तेच म्हणत होते. पण त्यांनी खाणं कमी केलेलं नव्हतं, फिरणं वाढवलेलं नव्हतं. प्रयत्नाशिवाय सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर कारण शोधल्याशिवाय थांबायचं नसतं. इथे जवळपास दहा टक्के गेलं होतं.

"झोप येत नाही, जीव घाबरते. उन्हाचं होत असन बाप्पा, यंदा तपलंच किती," असं त्या म्हणाल्या. नाडी १०४. पुढे केलेल्या हाताच्या बोटांवर कागद ठेवला तर तो थरथरला. पोटरीचा घेर ३० सेंमी; आशियाई निकषांनुसार स्त्रियांमध्ये ३३ च्या खाली गेला की स्नायू घटल्याची शंका घेतात. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला १७ सेकंद लागले, १२ च्या आत व्हायला हवं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, जवळजवळ शून्य आलं, आणि थायरॉइडचं स्वतःचं टी४ वाढलेलं. थायरॉइड जास्त काम करत होतं. उतारवयात हा आजार पुस्तकातल्यासारखा समोर येत नाही, नुसता 'अशक्तपणा' म्हणून येतो, आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये सगळं उन्हावर ढकललं जातं. ईसीजीत ठोके वेगवान पण नियमित होते. त्यांना त्याच आठवड्यात ग्रंथितज्ज्ञांकडे पाठवलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

सुनेनं एक गोष्ट सांगितली ती इथे नोंदवायला हवी. आजींच्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या, हे सगळ्यांत आधी तिच्या लक्षात आलं होतं. तिनं घरी म्हटलंही होतं. पण 'तू आपलं बघ' असं उत्तर मिळालं.

मग ज्यांचं वजन जास्त होतं त्यांचं काय?

बाईंची साखर, एचबीए१सी, चरबीचे आकडे, रक्तदाब सगळं व्यवस्थित. शाळा तिसऱ्या मजल्यावर, घरचं पाणी भरणं, बाजार पायी. चरबी मुख्यतः नितंब आणि मांड्यांवर, जिथे ती तुलनेनं कमी त्रास देते. इंजेक्शनचा प्रश्न मिटला होता. ही औषधं बीएमआय ३० पासून, किंवा २७ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाबासारखा आजार असेल तर देतात. लग्नाच्या फोटोंसाठी नाहीत.

पण हिमोग्लोबिन निघालं १०.६, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९. मार्चपासून त्या रात्री फक्त फळं खात होत्या आणि वरण-भात, पोळी-भाजी सगळी बंद. जेवणाला लागून चहा. पाळीत रक्तस्राव जास्त, तोही त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सोनोग्राफीत वावगं काही दिसलं नाही. पायऱ्या चढताना दम लागतो तो वजनामुळे, असं त्या धरून चालल्या होत्या. दम रक्ताच्या कमतरतेचा होता.

त्यांचं वजन अगदी योग्य आहे, असं मी त्यांना सांगितलं नाही. ते खरं झालं नसतं. कंबर ७६ म्हणजे ८० च्या आत, पण भारतीय तज्ज्ञांनी स्त्रियांसाठी सावध होण्याची पहिली रेषा ७२ ला आखली आहे. पाळी जाण्याच्या वयात चरबी नितंबांवरून पोटाकडे सरकू लागते, म्हणून दर वाढदिवसाला टेप लावायचा. सध्या मात्र वजन कमी करणं हे काम नाही. लोहाच्या गोळ्या, रात्री वरणासकट पूर्ण जेवण, चहा जेवणानंतर तासाभरानं. जवसाची चटणी चालू ठेवा म्हटलं, तिच्यावर कुणी बंदी घातली होती कोण जाणे.

मुलाचंही वजन बघून द्या, असा आग्रह झाला. दहावीतल्या मुलाला मोठ्यांचं कोष्टक लावायचं नसतं. त्याला वय आणि मुलगा-मुलगी पाहून आखलेले भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे तक्ते आहेत. त्याचं वेगळं बघू म्हटलं.

नवऱ्याला किलोंचं लक्ष्य दिलंच नाही. लक्ष्य कमरेचं: आधी ९० च्या आत, मग ८५ पर्यंत, म्हणजे उंचीच्या निम्मं. गाडी अजनी चौकात लावून मेट्रोनं झिरो माइलपर्यंत, पुढे पायी. उन्हाळ्यात पहाटे, सहाच्या आत. पंचेचाळीस अंशांत 'संध्याकाळी फिरा' असं सांगणारा डॉक्टर नागपूरचा नसतो. आठवड्यातून दोनदा भिंतीवर जोर आणि खुर्चीवरून उठबशा, कारण त्यांना चरबी उतरवण्याइतकेच स्नायू चढवायची गरज होती. तर्री-पोहे सोडणार नाही म्हणाले. बरं, मग पोहे अर्धे, तर्रीतले चने पूर्ण, वरचा तेलाचा तवंग सोडायचा. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा हसून त्यांच्याकडे पाहिलं.

लग्नानंतरची तपासणी

डिसेंबरच्या शेवटी तिघंही आले. नवऱ्याचं वजन फक्त अडीच किलोंनी उतरलं होतं, ६३.५. ते नाराज होते. कंबर मात्र ८८, एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड १५८. त्यांना मी चेन्नईच्या मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साखर बिघडू लागलेल्या लोकांनी खाणं आणि हालचाल सुधारली, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याची जोखीम २८.५ टक्क्यांनी घटली, आणि त्यांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं. काटा हलला नाही म्हणून फिरणं सोडणाऱ्यांसाठी हा अभ्यास मी पाठच करून ठेवलाय.

आजी ५० किलोंवर आल्या, नाडी ८२, झोप लागू लागली. खुर्चीतून पाच वेळा उठणं १३ सेकंदांवर. पोटरी अजून ३१. त्यांना जेवणात डाळ, दही आणि अंडं वाढवायला सांगितलं, त्यातलं अंडं त्यांनी ठामपणे नाकारलं.

बाईंचं हिमोग्लोबिन १२.४ आणि वजन ६० किलो. बीएमआय २५.३. जूनमध्ये दम लागत होता तेव्हा त्या 'वजन जास्त' होत्या, आता तिसरा मजला न थांबता चढतात तर २००९ च्या कोष्टकात 'लठ्ठ' झाल्या. कंबर ७५, एक सेंमीनं कमी. मी अहवालावर बीएमआय लिहिला, खाली कंबर लिहिली, आणि पुढची तारीख वर्षानंतरची टाकली.

नवरदेवही सोबत होता. २९ वर्षांचा, वजन ५९, उंची १६८ सेंमी, बीएमआय २०.९, आणि घरात सगळे म्हणतात तसा 'काडी'. मधुमेह असलेले वडील अर्थातच तेच. त्याची कंबर ८६ भरली. पुरुषांसाठी पहिली सावधतेची रेषा ७८ ची, आणि त्याच्या उंचीचं निम्मं होतं ८४. उपाशीपोटीची साखर ९६, अजून नीट. ग्लुकोज प्यायल्यानंतरची तपासणी मार्चमध्ये ठेवली आहे, ऊन तापायच्या आधी.